तीन लाखांत एआयला जाब कसा विचारायचा?

संशोधनासाठी पैसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जेआरएफ, बार्टी, सारथी, महाज्योती येतात. म्हणजे संशोधकाच्या पोटापाण्याचा पैसा. पण एखाद्या ठरावीक प्रश्नासाठी, सहा महिने ते वर्षभराच्या कामासाठी मिळणाऱ्या छोट्या ग्रँटही असतात, आणि त्यांच्याबद्दल पेटची तयारी करताना फारसं कुणी सांगत नाही. गेल्या दोन वर्षांत मी अशा ग्रँटसाठी दोनदा अर्ज केला. पहिला नापास झाला. दुसरा मंजूर झाला, पण पैसे कापून. विषय होता एआयचं उत्तरदायित्व.

एआय म्हणजे इथे चॅटबॉट समजू नका. सरकारी योजना, पोलीस, बँका यांच्या कामात माणसाऐवजी किंवा माणसाच्या आधी सॉफ्टवेअर निर्णय घेतं, ते एआय. आणि उत्तरदायित्व म्हणजे साधे प्रश्न: निर्णय कुणी घेतला, तो चुकला हे कळणार कसं, आणि चुकला तर दाद मागायला कुणाच्या दारात जायचं?

जवळचंच उदाहरण घ्या. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा आहे. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून एकाच माणसाची सगळी माहिती एका ठिकाणी आणायची, आणि तो रेशनला पात्र आहे का ते ठरवायचं, असं तिचं काम. एका विधवा बाईचं कार्ड गेलं, कारण यंत्रणेच्या हिशेबाने तिच्या नवऱ्याच्या नावावर चारचाकी होती. गाडी दुसऱ्याच माणसाची, नाव फक्त मिळतंजुळतं. हे प्रकरण जानेवारी २०२४ मध्ये अल जझीराने छापलं. काम रिपोर्टर्स कलेक्टिव्हच्या पत्रकारांचं होतं आणि त्याला पुलित्झर सेंटरच्या एआय अकाउंटेबिलिटी नेटवर्कचं साहाय्य होतं. म्हणजे मी ज्या प्रकारच्या पैशाबद्दल बोलतेय, त्यातूनच ते झालं.

त्यातला एक आकडा नीट बघा, कारण मुलाखतीत असंच विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या आदेशानंतर रद्द झालेल्या कार्डांची फेरतपासणी सुरू झाली. तपासून झालेल्या २,०५,७३४ अर्जांपैकी १५,४७१ जण पात्र निघाले, म्हणजे साधारण ७.५ टक्के. आता ‘यंत्रणेची चूक ७.५ टक्के’ असं लिहिता येईल का? नाही. हे फक्त ज्यांनी पुन्हा अर्ज केला आणि ज्यांचा अर्ज तपासला गेला त्यांच्यातलं प्रमाण आहे. रद्द झालेली कार्डं १८ लाखांच्या वर होती. ज्यांना कार्ड गेल्याचं कळलंच नाही, जे गाव सोडून गेले, ते या भागाकारात कुठेच नाहीत. छेदात कोण आहे हे आधी विचारायचं, टक्केवारी नंतर.

छोट्या पैशात मोठं काम होतं याचं दुसरं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल: जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांचा २०१८ चा ‘जेंडर शेड्स’ हा पेपर. त्याचं मूळ बुओलामविनी यांच्या एमआयटीतल्या मास्टर्सच्या प्रबंधात आहे. त्यांनी सहा देशांच्या संसदांमधल्या सदस्यांचे १,२७० फोटो घेतले, तीन देश आफ्रिकेतले आणि तीन युरोपातले, आणि तीन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखायला लावलं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. १,२७० फोटो म्हणजे काही अवाढव्य डेटा नव्हे. जमेची बाजू ही, की सरासरीवर न थांबता त्यांनी गट पाडून मोजलं.

आता माझी गोष्ट. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये घरी नेण्याच्या आहारासाठी, म्हणजे टीएचआरसाठी, जुलै २०२५ पासून लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. मी आणि समाजकार्य विभागातली माझी मैत्रीण, आम्ही ठरवलं की एका तालुक्यात किती वेळा चेहरा जुळत नाही ते मोजायचं. मी संख्याशास्त्राची, त्यामुळे पहिल्या अर्जात पंधरा अंगणवाड्या, प्रत्येकी २० बायका, एकूण ३०० असं दणकून लिहिलं. चूक १० टक्के धरली तर ३०० वर अंदाज साधारण ३.४ टक्के इकडेतिकडे. छान दिसतं.

पण ते खोटं होतं, आणि परीक्षकाने तिथेच पकडलं. एका अंगणवाडीतल्या २० बायका एकाच फोनवर, एकाच खोलीच्या उजेडात, एकाच रेंजमध्ये तपासल्या जातात. त्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. त्यांच्यातला हा परस्परसंबंध नुसता ०.१ धरला तरी विचरण १ + १९ × ०.१, म्हणजे २.९ पट होतं. माझ्या ३०० बायका १०३ च्या मोलाच्या उरतात आणि ३.४ चे ५.८ टक्के होतात. त्याऐवजी ३० अंगणवाड्या आणि प्रत्येकी १० बायका घेतल्या तर ही पट १.९ वर येते आणि अंदाज ४.७ टक्क्यांवर. बायका तितक्याच, पण एसटी आणि दुचाकीचा खर्च दुप्पट. बजेट आणि संख्याशास्त्र हे एकच प्रकरण आहे, हे मला एमएस्सीला कुणी शिकवलं नव्हतं.

परीक्षकाचा दुसरा शेरा एका ओळीचा होता: सेविकांना यातून काय मिळणार? बजेटमध्ये लॅपटॉप होता, सॉफ्टवेअर होतं, परिषदेचा प्रवास होता. ज्या बाईच्या खोलीत उभं राहून आम्ही तिचं काम मोजणार, तिच्या वेळेचा एक रुपया नव्हता. खरं सांगते, दोन दिवस राग आला. मग लाज वाटली.

दुसऱ्या अर्जाचं बजेट इथे देते, कारण असं कुणी दाखवत नाही. एकूण मागणी ३,००,०००. तीस सेविकांना प्रत्येकी १,५०० मानधन, म्हणजे ४५,०००. दोन क्षेत्र-सहायक, तीन महिने, दरमहा १८,००० प्रत्येकी, म्हणजे १,०८,०००. प्रवास ४२,०००. मराठी अहवाल, छपाई आणि तालुक्याच्या ठिकाणी एक बैठक, ३५,०००. विद्यापीठाचा वाटा ३०,०००. उरलेले ४०,००० दुसऱ्या फेरीसाठी, कारण ॲप मध्येच अपडेट होतं आणि आधीचं मोजमाप शिळं होतं. लॅपटॉप काढून टाकला. मंजूर झाले २,६०,०००, दुसरी फेरी कापून.

मानधन द्यायचं ठरवणं सोपं, देणं अवघड. सेविका शासनाच्या मानधनावर असते, त्यामुळे वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय तिच्या हातात पैसे ठेवले तर तीच अडचणीत येते. आम्हाला परवानगीचं पत्र मिळायला अकरा आठवडे लागले. सहा महिन्यांच्या ग्रँटमध्ये अकरा आठवडे! तुम्ही वेळापत्रक करताना परवानगी हे वेगळं काम म्हणून लिहा आणि अर्जाच्या आधीच सुरू करा.

गोपनीयतेबद्दल एक गोष्ट मी शेतावरच्या बांधावर शिकले, एथिक्स कमिटीत नाही. आम्ही लाभार्थींची नावं काढून फक्त गावाचं नाव ठेवणार होतो. एक सेविका म्हणाली, “ताई, गावात अंगणवाडी एकच. गावाचं नाव लिहिलं की माझंच नाव लिहिलं ना?” चेहरा जुळला नाही हे तिने आम्हाला सांगितलं आणि उद्या तिलाच नोटीस आली, तर आमच्या पेपरचा तिला काय उपयोग? आता आम्ही गावं काढून रेंज आणि खोलीचा उजेड यांवरून गट केलेत. नकाशा टाकायचा मोह आवरला.

मोजतानाही खाचा आहेत. ॲप चाललं नाही म्हणजे चेहरा जुळला नाही असं नव्हे. रेंज गेली, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर गेला आणि नवरा ऊसतोडीला, फोनच तापला, ही सगळी वेगळी कारणं. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये ‘अयशस्वी’ असा एकच रकाना होता. आता पाच आहेत, आणि सहावा ‘बाई आलीच नाही’. हा सहावा सगळ्यात महत्त्वाचा आणि भरायला सगळ्यात जड, कारण त्यासाठी घरी जावं लागतं.

पैसा कुणाचा आहे तेही बघा. परदेशी संस्थेची ग्रँट असेल तर एफसीआरए लागू होऊ शकतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे ‘विद्यापीठ पैसे घेईल आणि गावातल्या महिला मंडळाला हिस्सा देईल’ ही योजना कागदावर सुंदर असली तरी जमणार नाही. अर्जाच्या आधी वित्त विभागात जाऊन बसा. तिथले लोक कंटाळलेले असतात, पण त्यांनाच खरं माहीत असतं.

आणि ग्रँट मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. दिल्ली पोलीस चेहरा ८० टक्के जुळला की ‘जुळला’ धरतात, ही गोष्ट इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने केलेल्या अशाच अर्जातून २०२२ मध्ये बाहेर आली. सोर्स कोड मागाल तर कलम ८(१)(ड) दाखवतील, व्यापारी गुपित म्हणून. त्याऐवजी हे मागा: निविदा, करारनामा, चाचणीचा अहवाल, चेहरा न जुळल्यास काय करायचं याचं परिपत्रक, आणि तक्रारींची महिनावार संख्या. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तरी फाईलला लावा. चाचणीचा अहवालच नसेल, तर तो नसणं हाच तुमच्या प्रपोजलचा पहिला परिच्छेद होतो.

आमच्या तीस अंगणवाड्यांपैकी एकोणीस झाल्यात. अकरा राहिल्यात, त्यातल्या चार घाटापलीकडे.