तबकडीचा भाव आणि जॅझचा ताळेबंद

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी बसून जॅझच्या तबकड्यांविषयी लिहिणे हा अप्रस्तुत उद्योग आहे, असे कोणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालण्याची माझी तयारी नाही. कारण ज्या गावाचा वर्षाचा जमाखर्च सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या भावावर बेतलेला असतो, त्याला न्यू ऑर्लिन्सच्या ट्रम्पेटशी काय कर्तव्य, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु वाड्यांच्या वाटण्या होतात, माळ्यावरची ट्रंक खाली येते, तिच्यातून भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या काळ्या तबकड्या निघतात, आणि घरातला एखादा चुणचुणीत पुतण्या कोण्या अमेरिकन लिलावाचा आकडा मोबाइलवर दाखवून सगळ्यांचे डोळे दिपवितो, तेव्हा हा विषय आपसूक गावात दाखल होतो. आणि त्याच्या मागोमाग गैरसमजांचा लवाजमाही येतो.

त्यांतला सर्वांत दृढ समज असा की, तबकडी जुनी म्हणजे मोलाची. आपल्याकडे या समजाला खामगावच्या चांदीने खतपाणी घातले असावे. चांदीचा जिन्नस कितीही जुना, वाकडा वा काळवंडलेला असो, काट्यावर ठेवला की वजन आणि कस पाहून त्याचे मोल ठरते. तबकडीला असा अंगभूत कस नाही. तिची किंमत ठरते ती तीन गोष्टींनी: तिच्या किती प्रती शिल्लक आहेत, शिल्लक प्रतीची अवस्था काय आहे, आणि ती हवी असणारी माणसे किती आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या लोकप्रिय हिंदी चित्रगीतांच्या तबकड्या ज्या संख्येने छापल्या गेल्या, ती संख्याच त्यांच्या भावाची वैरी ठरते. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर अशा तबकड्यांचे ढीग पडलेले असतात; त्यांचे वय पाहून कोणी अदबीने उभा राहत नाही.

संग्राहकांच्या बाजाराचा जो खरा नियम आहे तो सामान्य व्यवहारबुद्धीला उलटा वाटतो. जी तबकडी त्या काळी विकली गेली नाही, तीच आज बहुधा महाग असते. न्यूयॉर्कची ‘ब्लू नोट’ ही संस्था 1939 साली अल्फ्रेड लायन या जर्मन निर्वासिताने सहकाऱ्यांसह स्थापन केली. तिच्या पन्नाशी-साठीच्या दशकांतील मूळ प्रतींसाठी संग्राहक आज हजारो डॉलर मोजतात, याचे कारण ते संगीत उत्तम होते एवढेच नव्हे. त्यातल्या पुष्कळशा तबकड्यांची मागणी तेव्हा बेताची होती, म्हणून त्या थोड्या निघाल्या, हेही आहे. अस्सल प्रत कोणती याचा निवाडा संग्राहक एखाद्या जुन्या मामलेदाराने दस्तऐवज तपासावा तसा करतात: मधल्या कागदावर संस्थेचा पत्ता कोणता छापला आहे, खोबणी संपते तेथील गुळगुळीत पट्टीवर कोणते क्रमांक कोरले आहेत, रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या नावाची आद्याक्षरे उमटली आहेत की नाहीत, आणि तबकडी दाबणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची कानाच्या आकाराची खूण दिसते की नाही. या खुणांवाचून नुसते वेष्टनावरचे साल हा कसलाच दाखला नव्हे.

आपल्या घरचेच उदाहरण घ्यावयाचे तर अमान्सियो डिसिल्व्हा यांचे घ्यावे. गोमंतकीय वंशाचे हे गिटारवादक 1936 साली मुंबईत जन्मले, साठीच्या दशकात लंडनला गेले, आणि तेथे 1969 साली ‘इंटिग्रेशन’ आणि जो हॅरियट या जमैकन सॅक्सोफोनवादकासह ‘हम दोनो’ अशा दोन तबकड्या त्यांनी केल्या. ‘हम दोनो’ कित्येक वर्षे बाजारात अप्राप्य होती आणि तिच्या मूळ प्रतीला शेकडो पौंडांचा भाव आला. ज्या तबकडीने वादकाला हयातीत संपन्नता दिली नाही, तिने पुढे तिच्या मालकांना ती दिली. कारण वापरलेल्या तबकडीच्या फेरविक्रीतून कलावंताला छदामही पोहोचत नाही. एकदा पहिला ग्राहक दुकानातून बाहेर पडला की त्या वस्तूच्या पुढील सर्व खरेदीखतांत वादकाचे नाव कोठेच येत नाही. तबकडीचा भाव चढला म्हणजे जॅझला बरे दिवस आले, हा समज यामुळेच निराधार आहे. ही दोन खाती वेगळी आहेत. पुष्कळदा तर एकाची बाकी दुसऱ्याच्या तुटीतूनच निर्माण झालेली असते.

पहिल्या आवृत्तीची तबकडी ऐकावयासही सर्वोत्तम असते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे प्रकरण पाहण्याजोगे आहे. 1959 च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत दोन बैठकांत ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. पहिल्या बैठकीत मुख्य फीत ज्या यंत्रावर चालली होती, ते किंचित मंदगतीने चालत होते. परिणामी ती फीत योग्य गतीने वाजविताच पहिल्या बाजूचे सारे संगीत मुळापेक्षा थोड्या चढ्या स्वरात ऐकू येऊ लागले. हा दोष 1992 च्या आवृत्तीत, जोडीला चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरची फीत वापरून, दूर करण्यात आला. म्हणजे ज्या मूळ प्रतीसाठी संग्राहक भरमसाट द्रव्य मोजतो, तिच्या अर्ध्या भागाचा षड्जच जागेवर नाही. षड्जाविषयी एवढा आग्रह धरणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट अधिक प्रसिद्ध व्हावयास हवी होती. अर्थात अस्सल प्रत बाळगण्यात एक आनंद असतो, आणि त्याला माझी हरकत नाही. मात्र तो आनंद डोळ्यांचा आणि हातांचा आहे, कानांचा असेलच असे नाही.

ट्रंकेतून निघालेल्या तबकड्यांबाबत एक समज तर प्रत्यक्ष हानिकारक आहे. त्या प्लास्टिकच्या असतात आणि स्पिरिटने लख्ख होतात, असे सांगणारे सल्लागार गावोगाव आहेत. वस्तुतः मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी जुनी तबकडी बहुधा लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या आपल्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी ही लाख, तीत दगडाची भुकटी आणि काजळी घालून दाबलेली असते. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ज्याने असा उपाय केला त्याने खोबणीसकट गाणे पुसून टाकले असे समजावे. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके एवढे पुरे, आणि तेही मधला कागद कोरडा ठेवून. शिवाय या तबकडीची खोबणी नंतरच्या व्हिनाइलच्या लाँगप्लेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असल्याने लाँगप्लेची सुई तिला चालत नाही. ती तळाशी वेडीवाकडी घासते आणि आपण दोष मात्र तबकडीला देतो. या लाखेपायी जॅझच्या धंद्याची एक नाडी हिंदुस्थानच्या हाती होती. दुसऱ्या महायुद्धात येथून लाख जाणे दुरापास्त झाले, तेव्हा 1942 साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाखेच्या वापरात सत्तर टक्के कपात फर्माविली. न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदांनी किती तबकड्या काढाव्यात याचा निर्णय अशा रीतीने आपल्या पळसबोरींवर येऊन ठेपला होता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जॅझ हे परक्यांचे संगीत, ते महानगरातील आंग्लाळलेल्या श्रीमंतांनी ऐकावे, आपला त्याच्याशी संबंध नाही, हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याला समज म्हणण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. त्यात सत्याचा अंश नाही असे नाही. 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला, त्यानंतर क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड हे वादक आले, तेव्हा त्यांचा श्रोता संस्थानिक, गोरा अंमलदार आणि धनिक पारशी हाच होता. क्रिकेट स्मिथ यांच्या वृंदाने 1936 साली ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ नावाची तबकडीही मुंबईत काढली. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझच्या इतिहासाला तेच नाव दिले आहे. परंतु या अमेरिकन पाहुण्यांच्या शेजारी बसून वाजविणारे आणि ते गेल्यावर त्यांची जागा घेणारे वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेली ही मंडळी मुंबईत पोटासाठी आली होती, चैनीसाठी नव्हे. हळदोण्याचे आंतोनियु झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांतले सर्वांत तेजस्वी नाव. लुई आर्मस्ट्राँगच्या घाटणीचे त्यांचे ट्रम्पेट मुंबईत विलक्षण गाजले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला, 1949 साली, आणि हॉटेलांच्या नृत्यशाळांचे उत्पन्न रोडावले. रोजगाराचा हा ओघ आटला तेव्हा दुसरा उघडलाच होता: चित्रपटाचा. येथे रामचंद्र नरहर चितळकर हा पुणतांब्याचा मराठी माणूस या कथेत प्रवेश करतो. सी. रामचंद्र या नावाने सर्वपरिचित असलेल्या या संगीतकाराने चिक चॉकलेट यांना आपले सहायक केले, आणि 1951 च्या ‘अलबेला’मध्ये, भगवान दादांच्या त्या अक्षय उत्साहाच्या चित्रात, एका गीताच्या वेळी चिक आणि त्यांचे वादक खुद्द पडद्यावर आणले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन केले. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशी आणखी कित्येक नावे सांगता येतील. तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील ज्या माणसाने तंबूतल्या सिनेमात वा रेडिओ सिलोनवर ‘अलबेला’ची गाणी ऐकली, त्याने जॅझ ऐकले आहे, त्याला ते कोणी सांगितले नाही एवढेच. आणि ट्रंकेतल्या तबकड्यांत जॅझ असलेच तर ते बहुधा याच वेषात असणार.

कोणी सांगितले नाही, यालाही व्यावहारिक कारण होते. तबकडीवरच्या कागदावर चित्रपटाचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव छापले जाई. ट्रम्पेट कोणी वाजविले, स्वरलेखन कोणी केले, याची नोंद करण्याचा शिरस्ता नव्हता. वादकाला ध्वनिमुद्रणाच्या पाळीप्रमाणे मोबदला मिळे आणि त्याचा हक्क तेथेच संपे. हा शिरस्ता मोडणारा एक सुखद अपवाद म्हणजे शंकर-जयकिशन यांची 1968 ची ‘राग जॅझ स्टाइल’. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा. हीही आज संग्राहकांत मानाची तबकडी आहे.

जॅझ मेले, असे म्हणणाऱ्यांना आकडे अनुकूल दिसतात. नील्सन या संस्थेच्या मोजणीनुसार 2014 साली अमेरिकेत जे संगीत विकत घेतले वा ऐकले गेले, त्यात जॅझचा वाटा अवघा 1.4 टक्के होता. ज्या देशात ते जन्मले तेथील ही गत! परंतु अभिजात संगीताचा वाटाही तेवढाच होता आणि त्याच्या मृत्यूची द्वाही कोणी फिरवीत नाही. शिवाय ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पन्नास लाख प्रती केवळ अमेरिकेत प्रमाणित झाल्याची नोंद 2019 ची आहे. ज्या ‘ब्लू नोट’च्या तबकड्या एकेकाळी खपत नसत, तिनेच 2002 साली नोरा जोन्स यांची ‘कम अवे विथ मी’ काढली आणि ती जगभर दोन कोटींहून अधिक खपली; नोरा या पंडित रविशंकर यांच्या कन्या. त्या तबकडीला शुद्ध जॅझ म्हणावे काय यावर कर्मठांनी रण माजविले, पण कर्मठांच्या घराण्यांचे तंटे आपल्याला नवे नाहीत.

उलट बाजूने, व्हिनाइलची तबकडी पुन्हा चलनात आल्याने जॅझचे पुनरुज्जीवन झाले, हाही भ्रमच. 2022 साली अमेरिकेत 4.1 कोटी व्हिनाइल तबकड्या आणि 3.3 कोटी सीडी खपल्या. 1987 नंतर तबकडी प्रथमच संख्येने पुढे गेली. मात्र त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपलेली तबकडी टेलर स्विफ्ट यांची होती. तबकडी परत आली. सोबत येताना तिने कोणाला आणले हा वेगळा प्रश्न.

खरे पाहता, केवळ तिकिटांवर आणि तबकड्यांवर जॅझने पोट भरले असा काळ फार थोडा. तो म्हणजे तीस-चाळीसच्या दशकांतील नृत्यसंगीताचा. पुढे आश्रयदाता लागलाच. डेव्ह ब्रूबेक 1958 साली आणि ड्यूक एलिंग्टन 1963 साली भारतात आले ते अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या खर्चाने. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर 1955 पासून जॅझ ऐकवीत, तेही सरकारी तिजोरीतून. मुंबईत 1978 साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, तीत सॉनी रोलिन्स यांच्यासारखे वादक येऊन गेले. जो प्रकार सवाई गंधर्व महोत्सवाला वा एखाद्या जुन्या संस्थानी दरबाराला परिचित आहे, तोच येथे. राजाश्रयाची अथवा लोकाश्रयाची तजवीज असेल तोवर संगीत उभे राहते. काळ्या घोड्याजवळचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे तबकड्यांचे दुकान 2016 साली बंद झाले तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. त्यांतले किती जण त्याआधीच्या दहा वर्षांत तेथून काही विकत घेऊन गेले होते, हे विचारणे शिष्टसंमत नसावे.

राहता राहिला संग्राहक. त्याला धनलोभी किंवा विक्षिप्त समजण्याची जी पद्धत आहे, तिला महाराष्ट्रातच उत्तर आहे. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने, सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकाच्या कष्टांनी, तबकड्यांचे क्रमांक, ध्वनिमुद्रणाची साले आणि कलावंतांची नावे यांची रुजवात घालण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. तेव्हा ज्याच्या माळ्यावर ट्रंक आहे त्याने भावाची चौकशी करण्यापूर्वी एक वही घ्यावी. प्रत्येक तबकडीच्या कागदावरचा क्रमांक, खोबणीनंतरच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक, आणि असतील ती सर्व नावे तीत उतरवावीत. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. आणि आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याखाली तर मुळीच ठेवू नयेत, कारण लाख तेथे वाकते आणि वाकलेली तबकडी मटण स्ट्रीटवरसुद्धा कोणी घेत नाही.