अरबी शब्दसंग्रहाची खेळरूप अ‍ॅप
प्रौढ व्यक्तींना अरबी शब्द खेळाच्या पद्धतीने शिकविणारी भ्रमणध्वनीवरील साधने. गुण, चढत्या पातळ्या, दैनंदिन सातत्याची नोंद व स्पर्धकांची क्रमवारी ही खेळाची अंगे त्यांत अध्यापनासाठी योजिलेली असतात. ड्युओलिंगो ह्या प्रसिद्ध अ‍ॅपमध्ये अरबीचा पाठ्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला.

ह्या साधनांचे मूळ तत्त्व जुने आहे. शिकलेले विस्मरणात कसे जाते, ह्याचे मापन जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस ह्यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. झेबास्टिआन लाइटनर ह्यांनी १९७२ मध्ये अवघड शब्द वारंवार व सोपे शब्द विरळ उजळण्याची पत्त्यांची पेटी सुचविली. त्याहीपूर्वी, तेराव्या शतकात, अबू नस्र फराही ह्यांनी ‘निसाब-उस्-सिब्यान’ ह्या फार्सी पद्यकोशात अरबी शब्द पाठांतरासाठी छंदोबद्ध केले होते.

मराठी भाषकाजवळ अरबी शब्दांचे काही भांडवल आधीच असते. हे शब्द मुख्यतः फार्सी राजभाषेच्या द्वारे मराठीत आले. पुणे जिल्ह्यातील जुन्नर हे १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या निजामशाहीचे आरंभीचे सत्ताकेंद्र होते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या आजच्या व्यवहारातही हा ठेवा दिसतो. ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ हे शब्द मुळात अरबीच होत. तहसील, महसूल व हशील हे तिन्ही शब्द ‘ह-स-ल’ (प्राप्त होणे) ह्या एकाच त्रिवर्णी धातूपासून झालेले आहेत. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद व ‘रबी’ म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्यावरून खरीप व रब्बी ही हंगामांची नावे पडली.

तथापि हेच भांडवल फसवेही ठरते. अरबीत ‘महसूल’ म्हणजे पीक किंवा उत्पन्न, सरकारी सारा नव्हे. ‘गरीब’ म्हणजे परका, तर निर्धनास ‘फकीर’ म्हणतात. मराठी कानाला एकसारखे वाटणारे दोन भिन्न ‘क’ अरबीत अर्थ पालटतात: एकाने ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, दुसऱ्याने हृदय. म्हणून ध्वनिमुद्रित उच्चार हे अशा अ‍ॅपचे आवश्यक अंग होय.

खेळरूप पद्धतीचा मुख्य लाभ नियमितपणा हा होय. दिवसभराच्या कामानंतर शिकणाऱ्या प्रौढास दहा मिनिटांचा पाठ झेपतो आणि चुकल्यास चारचौघांत संकोच वाटत नाही. तिची मर्यादा गुणदानात आहे. चार पर्यायांतून शब्द ओळखणे आणि प्रसंगी तो स्वतः आठवून बोलणे ह्या भिन्न क्षमता असून सोप्या शब्दांची पुनरावृत्ती करूनही गुण वाढविता येतात. शिवाय, पाठांतील प्रमाण अरबी आणि आखाती देशांतील बोली ह्यांत अंतर आहे. प्रमाण भाषेतील ‘अल्-आन’ (आता) ह्याऐवजी आखातात ‘अल्-हीन’ असे म्हणतात. रोजगारासाठी तेथे जाणाऱ्यास वेतन, औषध वा करार ह्यांविषयी बोलावे लागते. तेथे केवळ गुणसंख्येवर विसंबणे हानिकारक ठरू शकते. ह्यास्तव शब्द धातुकुलांनुसार मांडणे, लिहून व बोलून त्यांची परीक्षा घेणे आणि मराठीत अर्थ पालटलेल्या शब्दांची स्वतंत्र यादी करणे ह्या गोष्टी मराठी भाषक अध्येत्यास विशेष उपयुक्त होत.