लाईक म्हणजे नुसतं ‘आवडणं’ नव्हे

मीरा रोडला नयानगरात कुणाच्या घरी इंतकाल झाला की खबर आधी फॅमिली ग्रुपवर येते. खाली सगळे ‘इन्ना लिल्लाहि’ लिहीत असतात आणि मध्येच एखादा भाचा अंगठा उमटवून मोकळा होतो. खाला चिडतात, "अरे, मय्यतीची खबर तुला आवडली का?" भाचा म्हणतो, "नाही खाला, वाचलं एवढंच सांगितलं." दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘लाईक’ हे साधं इंग्रजी क्रियापद आता एकाच वेळी चार-पाच अर्थांनी वापरलं जातं. (‘लायक’शी त्याचं काही नातं नाही, फक्त कानाला सारखं लागतं.)

आधी शाळेतला अर्थ पाहू. आपली मुलं बऱ्याचदा ‘आय अ‍ॅम लाईक बिर्याणी’ असं बोलून जातात. चूक कुठून येते? मराठीत ‘मला बिर्याणी आवडते’, ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद बदलतं ते बिर्याणीप्रमाणे, आंब्यांप्रमाणे. उर्दूतही ‘मुझे पसंद है’. तो ‘है’ मुलांच्या डोक्यात ‘अ‍ॅम’ होऊन बसतो. इंग्रजीत मात्र आवडून घेणारा माणूसच कर्ता, म्हणून सरळ ‘आय लाईक बिर्याणी’. ‘आय अ‍ॅम लाईक बिर्याणी’ म्हणजे ‘मी बिर्याणीसारखा आहे’! गंमत अशी की फार जुन्या इंग्रजीत हे क्रियापद आपल्यासारखंच चालायचं, ‘ते मला भावतं’ अशी रचना होती. पुढे ती उलटली.

‘डू यू लाईक टी?’ म्हणजे एरवी चहा आवडतो का. ‘वुड यू लाईक टी?’ म्हणजे आत्ता घेणार का. पाहुण्याला दुसरं विचारायचं असतं. आणि इंटरव्ह्यूमध्ये ‘व्हॉट इज युवर फादर लाईक?’ विचारलं, तर अब्बूंना काय आवडतं ते सांगायचं नाही, ते स्वभावाने कसे आहेत ते सांगायचं. तिथला ‘लाईक’ क्रियापदच नाही.

आता मोबाईलमधला ‘लाईक’. फेसबुकने 2009 मध्ये हे बटण आणलं आणि शब्दाचा अर्थ बोटात आला. पटलं, वाचलं, मित्राचं मन राखलं, सगळ्याला एकच अंगठा. बघणारा कोणता अर्थ घेईल ते आपल्या हातात राहत नाही.

याची किंमत आपल्याच रेल्वे लाईनवर मोजली गेली आहे. विरारच्या पुढे डहाणू लोकलने पालघर. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने त्या बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाईक केली. दोघींनाही अटक झाली, मग जामीन मिळाला. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली.  पुढे दोघींवरचा खटला बंद झाला आणि पोलीस अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली, पण तोवर जे सोसायचं ते दोन घरांनी सोसलं होतं.

त्यांच्यावर लावलेलं एक कलम आयटी कायद्यातलं 66अ. ‘त्रासदायक’ मेसेजलाही 3 वर्षांपर्यंत कैद, इतकं ते सैल होतं. या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी कोर्टाने ते कलमच रद्द केलं.

मग आता लाईक केलं तर गुन्हा होतो का? एप्रिल 2025 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने आग्र्याच्या एका प्रकरणात सांगितलं की पोस्ट लाईक करणं म्हणजे ती प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं नव्हे. तो निकाल आयटी कायद्याच्या 67 कलमापुरता आहे. महाराष्ट्रातल्या कोर्टात त्याचा दाखला देता येईल, पण तो इथे बंधनकारक नाही.

‘शेअर’ आणि ‘फॉरवर्ड’ ही क्रियापदं मात्र वेगळी. तिथे मजकूर आपल्या हातून पुढे जातो. मद्रास हायकोर्टाने 2018 मध्ये म्हटलं की मेसेज फॉरवर्ड करणं म्हणजे तो मान्य करून त्याला दुजोरा देणं. तक्रार झाली होती ती एका अभिनेते-नेत्याने न वाचता फॉरवर्ड केलेल्या पोस्टवर. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यांना दिलासा दिला नाही. दोन समाजांत तेढ वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचं 196 कलम आजही आहे, तिथेही 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जानेवारी 2024 मध्ये मीरा रोडला तणाव होता, त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर काय काय येत होतं ते आठवून पाहा. ‘जसं आलं तसं पाठवलं’ असं खाली लिहिणाऱ्यांना वाटतं की आपण सुटलो. मद्रासच्या त्या प्रकरणात ‘न वाचता पाठवलं’ हेही चाललं नाही.