पायांत ताकद नसली तरी कयाक चालवता येते का?

भीमेकाठच्या गावांत मुलांना नदीबद्दल सगळ्यात आधी काय सांगितलं जातं? ‘पाण्यात जाऊ नकोस!’ आणि मूल व्हीलचेअरवर असेल, तर ते काठापर्यंतही पोहोचत नाही. अशा वेळी शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्यासारख्या गावात सगळ्यांसाठी खुला कयाकिंग क्लब, ही कल्पना फार दूरची वाटेल. ती खरंच तशी आहे का? समजून घेऊया.

कयाक आणि कॅनोमध्ये फरक काय?

कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पातं असतं. कॅनोमध्ये बहुतेक वेळा गुडघ्यावर बसून एकाच पात्याचं वल्हं मारतात. पुण्याला हे नवं नाही. सीओईपीच्या बोट क्लबच्या ‘रेगाटा’ची परंपरा १९२८ पासूनची आहे. तिथून वाहणारं मुळा-मुठेचं पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं आणि मांडवगणकडे येतं.

पाय चालत नसतील तर?

वल्हं मारताना पायांचा जोर उपयोगी पडतो, पण मुख्य काम खांदे, हात आणि धड करतात. ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांना जन्मापासून पायांचं अपंगत्व आहे. त्या आधी पोहायच्या, नंतर पॅराकॅनोकडे वळल्या. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत (२०२३) सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ २०१६ पासून आहे. शर्यत २०० मीटरची असते आणि धड व पाय किती काम करतात, यावरून खेळाडूंचे गट ठरतात.

होडीत काय बदलावं लागतं?

फार काही नाही. पाठीला उंच आधार, कंबरेच्या दोन्ही बाजूंना फोम आणि होडी कलंडू नये म्हणून बाजूला तरंगते फ्लोट. दिसत नसेल, तर दोघांच्या कयाकमध्ये मागचा जोडीदार बोलून दिशा सांगतो. पायांना संवेदना नसतील, तर खाली मऊ गादी हवी. खरचटलेलं किंवा दाबामुळे झालेली जखम त्या व्यक्तीला कळत नाही, म्हणून नंतर त्वचा तपासावी लागते.

एक नियम मात्र पक्का: कुणालाही होडीला बांधून ठेवायचं नाही. होडी उलटली तर लगेच बाहेर पडता आलं पाहिजे. म्हणून वल्हं मारण्याआधी होडीतून सुटण्याचा सराव, तोही उथळ पाण्यात आणि शेजारी माणूस उभा ठेवून.

मग अडतं कुठे?

काठावर. घाटाच्या पायऱ्या आणि चिखल व्हीलचेअरला अडवतात. हवा असतो कमी चढाचा रॅम्प, खुर्चीतून होडीत सरकण्यासाठी बाक आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह. शिवाय उचलण्याआधी ‘कशी मदत करू?’ असं विचारणारी माणसं.

भीमेत हे जमेल?

पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसवले, की मागे संथ पाणी साठतं. शिकायला असंच पाणी लागतं. पण बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल, तर खाली ते गोल फिरतं आणि माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढतं. पट्टीचा पोहणाराही त्यात अडकतो. त्यामुळे बंधाऱ्यापासून लांब राहणं, पावसाळ्यात आणि धरणातून विसर्ग सुरू असताना नदीत न उतरणं आणि लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालणं, यात सूट नाही.

दुसरी अडचण शहरातून येते. पुण्याचं सांडपाणी याच प्रवाहातून खाली येतं आणि जलपर्णी वाढवते. आधी पाण्याची तपासणी हवी. ते खराब निघालं तर नदीऐवजी स्वच्छ तलाव निवडावा.

म्हणजे ‘सगळ्यांसाठी खुला’ क्लब ओळखायचा कसा? आधी रॅम्प बघा. मग विचारा, होडी उलटल्यावर कोण काय करणार, हे ठरलंय का? दोन्हींचं उत्तर मिळालं, तरच पुढचं बोला.