सांगावा कुणाचा?

गावगाड्यात दळणवळणाचे काम महारांकडे होते. मयताचा सांगावा परगावी पोचवायचा, सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा तालुक्याला न्यायचा, दवंडी द्यायची. माझ्या आजोबांनी ही येसकरकी केली. पाय आमचे होते. सांगावा मात्र दुसऱ्याचा होता. या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने.

सांगावा स्वतःचा असावा, ही जाणीव मात्र त्याहून आधीची. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही. साधन ज्याच्या हाती, बातमी त्याची. इंटरनेटने खेडे बदलले असे आज म्हटले जाते, तेव्हा मी हीच कसोटी लावतो.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे तिचे लक्ष्य. पण ही तार आधी पंचायतीच्या कचेरीत येते. कचेरी गावठाणात आणि आपली वस्ती गावकुसाबाहेर! तेवढे शेवटचे अंतर नुसते मीटरमध्ये मोजता येत नाही. वस्तीत इंटरनेट आले ते मुख्यतः मोबाइलमधून, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर. मोबाइलच्या लहरीला गावकूस आडवे येत नाही.

यामुळे काय बदलते? सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात तिष्ठावे लागे. आता डिजिटल सहीचा उतारा शासनाच्या संकेतस्थळावरून घेता येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर कोणत्या टेबलाशी अडला, हे विद्यार्थ्याला स्वतः पाहता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत त्यावर सही केली की तिची नोंद घ्यावी लागते. अत्याचाराच्या रात्री गावातून बाहेर पडण्याची वाटच अडवलेली असते, तेव्हा या तरतुदीचे मोल कार्यकर्त्यांना सांगायला नको.

परंतु साधन दारात येणे वेगळे आणि हातात येणे वेगळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशाच्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के आणि पुरुष ४८.७ टक्के आढळले. माझ्या वर्गातील कितीतरी मुलींचे अर्ज बाजारातला केंद्रवाला भरतो. मोबाइल नंबर त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. अर्जात त्रुटी निघाली की संदेश जातो त्याला. मुलीला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. पूर्वी पत्र वाचून दाखवणारा जितके सांगेल तितकेच पत्र आपले असे. आजही तेच घडत असेल, तर मध्यस्थ फक्त बदलला.

माझ्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मला वाटते, हे काम आपण शिकलेल्यांचे आहे. वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात आठवड्यातून एक संध्याकाळ बसावे. प्रत्येकाचा अर्ज त्याच्याच नंबरावर नोंदवावा, पासवर्ड त्यालाच लिहून द्यावा, खबर कशी पाठवायची हे बायाबापड्यांना हातात मोबाइल देऊन शिकवावे. सांगावा वाहण्यात आपल्या पिढ्या गेल्या. आता तो पाठवणारे आपण झालो पाहिजे.