फासा एक, बेरजा अनेक

सापशिडी आपण सगळेच खेळलो आहोत. फाशावर चार पडले की चार घरे पुढे जायचे. वाद झालाच तर फासा नीट पडला की नाही एवढ्यापुरता. पण फाशांच्या खेळांची एक जात अशी आहे, की तिथे फासा पडल्यावर हिशेब सुरू होतो. तो हिशेब संगणकाकडे सोपवला तर काय सोपे होते आणि काय अवघड होऊन बसते, याबद्दल आज थोडे बोलू.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी पुजारी. योद्धा म्हणतो, ‘मी राक्षसावर तलवार चालवतो.’ वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आता बलदंड योद्ध्याचा वार आणि लुकड्या जादूगाराचा वार सारखाच कसा असेल? म्हणून फाशावरच्या आकड्यात काही मिळवायचे, काही वजा करायचे. याला ‘मॉडिफायर’ म्हणतात. आपण त्याला ‘अधिक-उणे’ म्हणू.

कल्पना साधी, पण तिला फांद्या फुटत गेल्या. २००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती आली. तिच्यातल्या चौथ्या पायरीवरच्या एका योद्ध्याचा हिशेब पाहा. अनुभवाचे चार, ताकदीचे तीन, मंतरलेल्या तलवारीचा एक, पुजाऱ्याच्या आशीर्वादाचा एक, धावत जाऊन वार केला म्हणून दोन, उंचावरून केला म्हणून एक. झाले बारा. सोबतच्या भाटाने वीरश्रीचे गाणे म्हटले, त्याचाही एक आहे. पण तो धरायचा नाही! कारण आशीर्वाद आणि गाणे, दोन्ही मनोबलच वाढवतात, आणि एकाच जातीचे दोन ‘अधिक’ एकत्र धरायचे नाहीत असा नियम. एवढे सगळे एका वाराला, आणि एका लढाईत असे वार पन्नास.

तुम्ही म्हणाल, मग हे काम संगणकाला द्या. तसेच झाले. दूरदूरच्या गावी राहणाऱ्या मित्रांना पडद्यावर एकत्र खेळता यावे म्हणून आभासी टेबले तयार झाली. ‘फँटसी ग्राउंड्स’ २००४ साली आले, ‘रोल२०’ २०१२ साली आणि ‘फाउंड्री’ २०२० साली. त्याच वर्षी टाळेबंदी आली आणि घराघरांतले खेळ पडद्यावर गेले. बेरीज करणे हे तर संगणकाचे डाव्या हाताचे काम. मग अडचण कुठे आली?

अडचण आठवणीची आहे. आजच्या नियमांतले एक उदाहरण घेऊ. राक्षसाचे चिलखत पंधराचे आहे. योद्ध्याचा फासा पडला आठ, त्याचे कायमचे अधिक सहा. झाले चौदा. हुकला! सगळे हळहळतात, पाळी पुढे जाते. राक्षस उलटा वार करतो, कोणी तरी जखमी होते, आणि तेवढ्यात पुजारी म्हणतो, ‘अरे, माझा आशीर्वाद राहिला की!’ त्या आशीर्वादाने चार बाजूंचा एक जादा फासा मिळतो. त्यावर एक जरी पडला असता तरी वार लागला असता. आता काय करायचे? गोष्ट मागे न्यायची, की पुजाऱ्याचा मंत्र वाया घालवायचा? दोन्हींत खेळाचा रंग जातो. संगणकाने बेरीज बरोबरच केली होती. त्याला एक आकडा कोणी सांगितलाच नव्हता.

यावर पहिला उपाय नियमांतच झाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने बऱ्याचशा बारीकसारीक अधिक-उण्यांना सुट्टी दिली. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाका, मोठा आकडा घ्या. प्रतिकूल असेल तर लहान घ्या. अनुकूल कारणे तीन असली तरी फासे दोनच. अनुकूल-प्रतिकूल दोन्ही असेल तर फिटंफाट, एकच फासा. गणितही गमतीचे आहे. अकरा किंवा जास्त हवे असतील तर यशाची शक्यता शंभरात ५० ची ७५ होते, म्हणजे फाशात पाच मिळवल्यासारखेच. वीसच हवे असतील तर मात्र ५ ची जेमतेम पावणेदहा. ज्याची बाजू आधीच समसमान आहे, त्याला मदत सर्वांत जास्त.

अर्थात, सोपेपणाची किंमत असतेच. एक अडचण आणि चार अडचणी यांत या पद्धतीत फरक उरत नाही. तो बारकावा ज्यांना हवा असतो, त्यांना ती सपक वाटते. ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. तिथे ‘अधिक’च्या जाती तीनच, परिस्थितीची, अवस्थेची आणि वस्तूची, प्रत्येक जातीतला मोठा तेवढा धरायचा.

दुसरा उपाय पडद्यावरचा. तिथे अधिक-उण्यांचे तीन गट पाडले की वाट मोकळी होते. ताकद, अनुभव, तलवार ही कायमची माणसे. ती पात्राच्या कागदावरून आपोआप यावीत, रोज विचारू नयेत. आशीर्वादासारखे चार घटकांचे पाहुणे. त्यांची खूण पात्रावर दिसावी आणि मुदत संपताच पुसली जावी. तिसरा गट त्या क्षणापुरता, म्हणजे धुके, अंधार, सूत्रधाराची मर्जी. तेवढे मात्र माणसालाच विचारावे. ‘फाउंड्री’त फासा टाकताना अनुकूल, साधा, प्रतिकूल अशी तीन बटणे आणि ऐनवेळच्या आकड्यासाठी एक रिकामी चौकट समोर येते, ती याचसाठी.

आणि एक पथ्य सगळ्यांत महत्त्वाचे. नुसती बेरीज दाखवू नये, तिची फोडही दाखवावी. टेबलावर फासा सर्वांच्या डोळ्यांदेखत गडगडतो, त्यामुळे हरणाराही कुरकुर करत नाही. पडद्यावर नुसताच ‘चौदा’ उमटला, तर त्यात काय धरले आणि काय राहिले, हे कोणाला कळणार? मग शंका येते, आणि शंका आली की मित्रांचा खेळ मित्रांचा राहत नाही. वाण्याचे बिल यंत्रातून आले तरी आपण एकेक ओळ वाचतोच ना? तेच इथे. आठ फाशाचे, तीन ताकदीचे, दोन अनुभवाचे, एक तलवारीचा, एवढे लिहिलेले दिसले, की कोणी तरी पाळी सरण्याआधीच म्हणतो, ‘थांबा, आशीर्वाद कुठे आहे?’