टेन्शन डोक्यात असतं की कामाच्या रचनेत?

तुमच्या ऑफिसातही एव्हाना 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं सेशन झालं असेल. दोन तास खोल श्वास, एक पीपीटी, शेवटी चहा-समोसा. दुसऱ्या दिवशी टार्गेट तेच आणि रात्री साडेनऊला साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅपही तोच. मग वाटायला लागतं की बाकीच्यांना जमतं, आपणच कच्चे. संशोधन काय म्हणतं ते बघू, कारण ते या समजुतीच्या बरंच उलट जातं.

१९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी एक साधी मांडणी केली. कामाकडे दोन प्रश्नांनी बघा: तुमच्याकडून मागितलं किती जातं, आणि त्यातलं तुमच्या हातात किती असतं? इतवारीतला ठोक व्यापारी दिवाळीत चौदा तास दुकानात असतो, पण कोणता माल कधी मागवायचा ते तोच ठरवतो. कॉल सेंटरमधल्या मुलीची शिफ्ट आठच तासांची, पण पाणी प्यायला उठायचं तरी स्क्रीनवर ब्रेक टाकावा लागतो. दमतात दोघंही. पण मागणी जास्त आणि हातात काहीच नाही, हे मिश्रण शरीराला जास्त महागात पडतं, असं कारासेकचं म्हणणं.

'महागात' हा शब्द उगाच वापरला नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या शिपायांमध्ये सुमारे तिप्पट निघालं. आपल्याकडे म्हणतात की टेन्शन मोठ्या खुर्चीला! सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात (दहा हजारांवर कर्मचारी) दिसलं की या फरकाचा मोठा वाटा 'कामावर ताबा नसणे' याच्याशी जोडलेला आहे. योहानेस सिग्रिस्ट या संशोधकाने १९९६ मध्ये यात आणखी एक गोष्ट जोडली: कष्ट आणि मोबदला यांचा तोल. मोबदला म्हणजे नुसता पगार नाही, मान आणि नोकरीची शाश्वतीही.

हे सगळं विलायतेचं वाटत असेल तर गांधीसागरच्या बाजूला या. आज जिथे एम्प्रेस सिटी मॉल आहे, तिथे १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच वर्षी तिथल्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला. भारतातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांपैकी तो एक. सिग्रिस्टच्या सुमारे एकशेवीस वर्षं आधी, त्याचाच मुद्दा! गैरहजेरीही फार होती. दंड लावणं सोपं होतं. त्याऐवजी पुढच्या काळात मिलमध्ये हजेरीसाठी बक्षिसं, १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई, हवा खेळती आणि दमट ठेवणारी यंत्रं अशा गोष्टी आल्या. (दमट हवा सुताच्याही फायद्याची असते, कोरड्या हवेत धागा तुटतो. नागपूरचा मे महिना ठाऊक असलेल्यांना सांगायला नको.) मिल म्हणजे काही स्वर्ग नव्हता, आणि या गोष्टी निव्वळ दयेपोटी झाल्या असंही मी म्हणणार नाही. पण मजुराला 'सहनशक्ती वाढव' असं सांगण्याऐवजी तिथे कामाच्या अटी बदलल्या गेल्या.

आजचा कल उलटा आहे. २०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाची अ‍ॅप्स, रेझिलियन्स ट्रेनिंग, वेलनेसचे क्लास घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे दिसले नाहीत. अपवाद एकच, स्वयंसेवी कामाची संधी. ही एकाच वेळची पाहणी आहे, त्यामुळे जास्त त्रासलेलेच क्लासला गेले असतील ही शंका उरते. तरी एवढा पैसा ओतून फरक दिसू नये, हे बोलकं आहे.

तासांचा मुद्दा मात्र सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त. आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असं त्यात आहे. बुटीबोरीच्या कंत्राटी पोराला 'नाही' लिहून देता येईल का, हा कारासेकचाच प्रश्न आहे.

तुम्ही काय कराल? एक आठवडा वहीत लिहा: आज कशाने डोकं उठलं, आणि ते मागणीमुळे, ताबा नसल्यामुळे की मोबदल्यामुळे? मग साहेबांकडे 'फार टेन्शन आहे' म्हणून जाऊ नका, नेमकं मागा. रोस्टर आठवडाभर आधी द्या, आठनंतरच्या मेसेजचं उत्तर सकाळी चालेल का, असं. जमल्यास तिघं-चौघं मिळून मागा, एकट्यावर शिक्का लवकर बसतो. आणि दोन आठवडे झोप उडाली असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर वहीबिही राहू द्या, १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.